होळकरी रुपया हातात आला तर: नाणं ओळखावं कसं, दर्जा ठरवावा कसा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत नाण्यांचा एखादा डबा असतोच. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो, नाण्यांना हळदकुंकू लागतं आणि मग वर्षभर तो पुन्हा कपाटात जातो. त्यात चार-दोन राणीछाप रुपये असतात, पंचम जॉर्ज असतो, नंदीचे तांब्याचे पाव आणे असतात आणि नशीब असेल तर ज्यावरचं काहीच वाचता येत नाही असा जाडसर, वेडावाकडा होळकरी रुपया. या डब्यात नेमकं काय आहे आणि ते किती चांगल्या स्थितीत आहे, हे सराफ्यात कुणाला विचारायला जाण्याआधी स्वतःला कळलं पाहिजे. सराफ वजन करून चांदीचा भाव सांगेल. तो त्याचा धंदा आहे आणि त्यात तो चुकत नाही, पण नाण्याची किंमत हा त्याचा विषयच नव्हे.

नवखा माणूस चमक बघतो, जाणता उंचवटे बघतो. पुढे जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी हत्यारं

घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर, एक चुंबक आणि मान वळवता येईल असा टेबललॅम्प. एवढ्यावर भागतं. वीस-तीसपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाच्या नादी लागू नका. त्यात प्रत्येक नाणं खराबच दिसतं.

टेबलावर जाड मऊ कापड पसरा. नाणं दोन बोटांत कडेनं धरा, अंगठा चेहऱ्यावर ठेवू नका. बोटांचा घाम आणि तेल तांब्यावर काही दिवसांत डाग पाडतं आणि तो डाग निघत नाही. चांदी खरी आहे का बघायला नाणं फरशीवर टाकून आवाज ऐकण्याची जुनी सवय असेल तर ती सोडा. कडेला पडलेला एक टोचा दर्जाची अख्खी पायरी खाली आणतो.

ओळख: वजन, माप, मग वाचन

उलट क्रमानं जाऊ नका. वजन आणि व्यास आधी लिहून ठेवले की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

ब्रिटिश काळातला रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, चांदी ९१.७ टक्के. झिजलेल्या रुपयाचं वजन थोडं कमी भरेल, पण जास्त भरलं तर सावध व्हा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि नकली नाण्यांना आळा बसावा म्हणून त्या रुपयांच्या कडेला दात्यांच्या मधोमध एक चर दिली गेली. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चटकन चिकटतो. चांदीचा म्हणून दिलेला राणीछाप रुपया चुंबकाला चिकटला, तर पुढची चर्चा नको.

रुपयावरचं साल वाचतानाही जरा थांबा. ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असं लिहिलेल्या १८४० च्या रुपयावर साल १८४० च राहिलं, पण ते रुपये पुढे कित्येक वर्षं पाडले जात होते. १८६२ च्या रुपयाचंही तसंच: १८७३ पर्यंत तेच साल कायम राहिलं आणि १८७४ पासून खरी वर्षं येऊ लागली. म्हणून १८६२ चा रुपया बघताना मागच्या बाजूची टिंबं मोजायची, कारण प्रकार त्यावरून ठरतो. १८७७ पासून व्हिक्टोरिया ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ झाली, तेही नाण्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. भिंगाखाली हत्तीची सोंड बघणं हा त्या रुपयाच्या ओळखीचा भागच झाला. याच पंचम जॉर्जच्या रुपयांत मागच्या बाजूला खाली कमळाशी उठावाचं टिंब असेल तर टाकसाळ मुंबईची, नसेल तर कलकत्त्याची.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांना सालाखालची खूण बघा. चौकट असेल तर मुंबई, पाचकोनी चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ चे काही रुपये बाहेरून पाडून आणले होते, त्यातल्या बर्मिंगहॅमच्या नाण्यांवर सालाखाली इंग्रजी एच आहे.

होळकरी नाणी

इथे जरा रमायला हरकत नाही, कारण ही आपल्या घरची नाणी आहेत आणि बाहेरच्या पुस्तकी मोजपट्टीत ती नीट बसत नाहीत.

हातानं ठोकलेल्या होळकरी रुपयावर फारसी मजकूर दिसतो आणि लोक ‘मोगली नाणं’ म्हणून बाजूला टाकतात. मजकूर बादशहा शाह आलमच्या नावाचा असतो हे खरं, पण टाकसाळ असते मल्हारनगर, म्हणजे आपलं इंदूर, किंवा महेश्वर. नाव बादशहाचं ठेवायचं आणि खूण आपली टाकायची, अशीच त्या काळी बहुतेक संस्थानांची रीत होती. म्हणून फारसी येत नसलं तरी खुणा शोधा. अहिल्याबाईंच्या काळातल्या (१७६७ ते १७९५) नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान मिळतं. मल्हारनगरच्या रुपयांवर किरणांचा, डोळे-नाक असलेला सूर्य दिसतो. शाह आलम १८०६ मध्ये वारला, पण त्याच्या नावाचे सूर्यछाप रुपये त्यानंतरही बरीच वर्षं पडत राहिले. बादशहाचं नाव वाचून काळ ठरवू नका, साल शोधा.

साल हिजरी असेल तर फारसी आकडे लागतील. ते अर्ध्या तासात शिकता येतात. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसतं टिंब, सात म्हणजे वर उघडलेला कोन आणि आठ म्हणजे खाली उघडलेला कोन. नऊ जवळपास इंग्रजीसारखाच. दोन, तीन आणि चार नीट ओळखायला मात्र नमुने समोर ठेवून सराव करावा लागतो. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवले की इसवी साल एखाद्या वर्षाच्या फरकानं येतं: हिजरी १२०० म्हणजे ११६४ अधिक ६२२, म्हणजे १७८६. विक्रम संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा.

यशवंतराव होळकरांचा शके १७२८ चा, म्हणजे १८०६ चा रुपया वेगळाच आहे. त्यावर देवनागरीत संस्कृत श्लोक आहे आणि त्यात इंद्रप्रस्थाचा उल्लेख येतो. तो दुर्मिळ आहे. कुणी रस्त्यात अचानक स्वस्तात देऊ करत असेल, तर तो यशवंतरावांचा नाही असं धरून चाला.

पुढे यंत्रावर पाडलेली नाणी आली. तांब्याच्या पाव आण्यावर आणि अर्ध्या आण्यावर बसलेला नंदी आणि देवनागरीत संवत. शिवाजीराव होळकरांच्या काळात (१८८६ ते १९०३) पागोटं घातलेली त्यांची प्रतिमा असलेला रुपयाही निघाला. आणि शेवटी दुसऱ्या यशवंतरावांचे १९३५ चे, संवत १९९२ चे, त्यांची छबी असलेले तांब्याचे पाव आणे आणि अर्धे आणे. इंदूरच्या घरांत ही शेवटची नाणी अजून सापडतात, म्हणून नवशिक्यानं दर्जा ठरवण्याचा सराव त्यांच्यावरच करावा. सोपं आहे, स्वस्त आहे आणि चूक झाली तरी खिसा रिकामा होत नाही.

ए. बी. रोडवरच्या केंद्रीय संग्रहालयात नाणी आहेत. तिथे जाऊन खरी नाणी डोळ्यांत भरून घेणं हा ओळखीचा सगळ्यात चांगला वर्ग आहे.

खरं की खोटं: पाण्यातलं वजन

धातूची शंका असेल तर ही कसोटी घरी करता येते आणि नाण्याला इजा होत नाही.

एका पेल्यात शुद्ध पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा. नाणं पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं हातानं लोंबतं धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका, नाहीतर आकडा खोटा येतो. आता काटा जो आकडा दाखवतो तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा.

समजा, राणीछाप रुपया कोरडा ११.४५ ग्रॅम भरला आणि पाण्यात काटा १.११ दाखवतो. भागाकार येतो १०.३. ९१.७ टक्के चांदीला साधारण हाच आकडा यायला हवा. त्याच वजनाचं जर्मन सिल्व्हरचं (नावात चांदी असली तरी हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) नाणं पाण्यात १.३३ च्या आसपास दाखवेल आणि भागाकार ८.६ येईल. निम्म्या चांदीच्या १९४० नंतरच्या रुपयाला साडेनऊ येतो, त्याला खोटा समजू नका. दोरा काढा आणि नाणं मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. पुसू नका, टिपा. गढूळ झालेलं, पुटं चढलेलं तांब्याचं नाणं पाण्यात घालूच नका.

ही कसोटी धातू सांगते, टाकसाळ सांगत नाही. चांगल्या चांदीत ओतलेली नक्कल यातून सहज निसटते. तिला पकडायचं भिंगानं. ओतीव नाण्याच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर, मऊ असतात आणि कडेला कुठेतरी जोडाची रेघ घासून काढल्याची खूण असते. ठोकलेल्या नाण्याच्या अक्षरांच्या कडा नखाला जाणवतील इतक्या धारदार असतात. दोन ‘वेगवेगळ्या’ नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच टोचा सापडला, तर दोन्ही एकाच साच्यातली समजा.

सालात केलेली कारागिरी हा वेगळा प्रकार. षष्ठ जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, १९३८ चा सहज मिळणारा. मग आठाचा नऊ करणारे महाभाग निघतातच. त्या आकड्याभोवतीची जमीन भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. तिथे खरवडल्याचा वेगळा पोत दिसला की उत्तर मिळालं.

आणि हनुमान, राम-सीता, लक्ष्मी असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, हाफ आना’ नाणी? ती कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. देवापुढे ठेवा, मनोभावे पूजा करा, पण संग्रहात मोजू नका. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ हा तर सरळ फसवणुकीचा खेळ आहे.

दर्जा: झीज वाचायची

जगभर दर्जासाठी १ ते ७० ची शेल्डन पट्टी वापरतात. विल्यम शेल्डननं ती १९४९ मध्ये अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी बसवली आणि मग ती सगळ्यांनीच उचलली. आपल्याकडे लिलावाच्या यादीत नुसती नावंही चालतात: गुड, फाइन, व्हेरी फाइन म्हणजे व्हीएफ, एक्स्ट्रा फाइन म्हणजे एक्सएफ, अबाउट अनसर्क्युलेटेड (जवळजवळ न वापरलेलं) म्हणजे एयू आणि अनसर्क्युलेटेड (वापरात न आलेलं) म्हणजे यूएनसी. ‘गुड’ ऐकून खूश होऊ नका, ती पट्टीच्या तळाजवळची पायरी आहे, अंक ४. फाइन १२ ते १५, व्हीएफ २० ते ३५, एक्सएफ ४० ते ४५, एयू ५० ते ५८ आणि त्यापुढे ६० पासून वापरात न आलेली नाणी.

पंचम जॉर्जचा रुपया समोर घ्या. खोलीतला वरचा दिवा बंद करा, टेबललॅम्प एका बाजूनं, तिरपा येऊ द्या. आधी भिंगाशिवाय बघा. नाणं सावकाश कलतं करून फिरवा. वापरात न आलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा अखंड गोल फिरतो, कुठे तुटत नाही. मुकुट, भुवई, कान आणि झग्यावरचा हत्ती हे या रुपयाचे उंचवटे. झीज पहिल्यांदा तिथेच होते. या जागांवर पट्टा तुटून करडा ठिपका दिसला की नाणं एयू झालं. हत्तीचं अंग थोडं चपटं, पण मुकुटातली रत्नं मोजता येतात, तर एक्सएफ. हत्तीची नुसती बाह्यरेषा उरली आणि रत्नं एकमेकांत मिसळली, तर व्हीएफ. झगा सपाट, हत्ती गेला, पण अक्षरं सगळी ठसठशीत, तर फाइन. चेहऱ्याची आकृतीच उरली आणि अक्षरं कडेत शिरायला लागली, तर गुड.

दोन्ही बाजूंचा दर्जा वेगळा लिहा. छापा बाजू एक्सएफ आणि काटा बाजू व्हीएफ असेल तर नाणं व्हीएफच्या जवळचं धरा. विकणारा नेमकं उलट करतो, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: ठसा कमजोर बसलेला आणि नाणं झिजलेलं, हे दोन्ही पहिल्या नजरेत सारखेच दिसतात. ठसा नीट बसला नसेल तर त्या जागी चकतीचा मूळचा खरखरीत पोत तसाच असतो आणि तिची झळाळी शेजारच्या भागासारखीच असते. झीज झालेली जागा गुळगुळीत असते आणि तिचा रंग शेजारच्यापेक्षा वेगळा, मेणचट करडा दिसतो. कमजोर ठशाला झीज समजून चांगलं नाणं सोडून देणारे कमी नाहीत.

होळकरी रुपयाला हा फरक समजला नाही तर दर्जा ठरवताच येत नाही. तिथे ठसा मोठा असायचा आणि चकती लहान. मोठ्या शिक्क्याखाली लहान पेढा ठेवला तर नक्षीचा काही भाग बाहेरच राहणार. त्यामुळे टाकसाळीचं नाव अर्धं असणं किंवा साल पूर्ण कटलेलं असणं ही झीज नव्हे. अशा नाण्याचा दर्जा तीन तुकड्यांत लिहावा: झीज किती, ठसा कुठे सरकला आणि वाचता येण्याजोगं काय उरलं. माझं स्पष्ट मत: व्हीएफ दर्जाचा, पण सूर्य आणि साल दोन्ही चकतीवर आलेला मल्हारनगरी रुपया, साल कटलेल्या एक्सएफ रुपयापेक्षा संग्रहाला जास्त मोलाचा.

सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या बारीक खुणा हातानं ठोकलेल्या नाण्यांवर अनेकदा असतात. त्या काळाचाच भाग आहेत म्हणून एक-दोन खुणा खपून जातात, पण चेहऱ्यावर किंवा सूर्यावर दाटी असेल तर किंमत पडते. माळवा-निमाडातल्या बायकांच्या रुपयांच्या हारांतून सुटून आलेली नाणी इंदुरात खूप फिरतात. कडेला, बहुतेक वेळा वरच्या टोकाला, कडी जोडल्याची खूण शोधा: डाकाचा पिवळसर डाग, घासलेले दाते किंवा बुजवलेलं भोक. असं नाणं कितीही चकाकत असलं तरी त्याला अंकांचा दर्जा देत नाहीत, नुसतं ‘दागिन्यातून काढलेलं’ असं नोंदवतात.

चमकवू नका

चिंच, लिंबू, राख, पितांबरी, खायचा सोडा: ही सगळी भांड्यांसाठी छान आहेत. नाण्यावर यातलं काहीही घासलं की मूळची झळाळी गेली आणि ती परत येत नाही. घासलेलं नाणं ओळखायला तिरप्या उजेडात बघा: एकाच दिशेनं जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा दिसतात, उंच भाग चकचकीत आणि अक्षरांच्या खोबणीत काळं. विकणारा तुम्हाला तेच कौतुकानं दाखवेल, ‘एकदम नवं आहे’ म्हणेल.

चांदीवर चढलेली एकसारखी करडी-काळी किंवा निळसर-सोनेरी छटा हे नुकसान नव्हे. ती तशीच राहू द्या. तेलकट राप किंवा हळदकुंकवाचा थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही वेळ बुडवून टिपून घेणं हाच एक सुरक्षित उपाय, तोही खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातला दिवा विझवून.

ठेवायचं कशात, लिहायचं काय

बाजारातल्या स्वस्त, मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असतं. काही वर्षांत नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो आणि तांब्याला तर तो खातोच. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं किंवा कडक गोल कॅप्सूल घ्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रत्येक नाण्याचा एक कागद ठेवा. उदाहरणार्थ: ‘मल्हारनगर, रुपया, सूर्य, वजन ११.१८, व्यास २१.४, पाण्यातला भागाकार १०.२, सालातले पहिले दोन आकडे १२, पुढचे कटलेले. झीज व्हीएफ, ठसा डावीकडे सरकलेला, सराफी खुणा दोन, कड स्वच्छ.’ शिवाय दोन्ही बाजूंचा तिरप्या उजेडातला फोटो. इतकं लिहिलं की कुठल्याही दुकानदारासमोर बोलणं सोपं जातं.

नाणं खरंच मोलाचं वाटलं तरच प्लास्टिकच्या बंद पेटीत सीलबंद दर्जा देणाऱ्या संस्थेकडे पाठवायचा विचार करा. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या. नेहमीच्या पंचम जॉर्ज रुपयावर त्यांची फी घालवण्यात अर्थ नाही.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी

जुनं घर पाडताना किंवा शेतात पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून सुद्धा नाही.

आणि मोबाइलवर येणाऱ्या ‘वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख’ छाप जाहिराती. वैष्णोदेवीची नाणी सरकारनं काढलेली आहेत हे खरं, पण त्यांना असे भाव नाहीत. विकत घेणारा कधी समोर येत नाही, आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘जीएसटी’ मागतो आणि मध्येच रिझर्व्ह बँकेचं नाव घेतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती जुन्या नाण्या-नोटांच्या अशा खरेदी-विक्रीत नाही आणि कुणाकडून कमिशनही घेत नाही. असा फोन आला की पैसे पाठवू नका, ओटीपी सांगू नका, आणि घरात मोठी माणसं एकटी असतील तर त्यांनाही हे आजच सांगून ठेवा.